गर्दीत उभं राहायची जागा

लेक जर्मनीतल्या फ्रायबुर्गला नोकरीला लागली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं रूप पालटलं. चतुर्थी, एकादशी, दूधवाल्याचे खाडे यांच्या जोडीला नवऱ्याच्या बारीक अक्षरात ‘वॅलेन्सिया : आग’, ‘सिएना : घोडे’ अशा नोंदी दिसू लागल्या. लेकीकडे जायचं ते एखादा उत्सव गाठून, आणि जाता-येता त्या शहरात थोडं रेंगाळून, असा पायंडाच पडून गेला. आम्ही काही कसलेले प्रवासी नाही. माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याचा गुडघा कुरकुरणारा, आणि गर्दीचा अनुभव म्हणाल तर डोंबिवलीची सकाळची लोकल. एवढ्या भांडवलावर जे उमगलं ते असं.

१. युरोपही तिथीवर चालतो, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. तिकडे सगळं तारखेला पक्कं असणार, असं आपण उगाच धरून चालतो. ईस्टर म्हणजे काय, तर चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. तिथून मागे मोजत गेलं की कार्निव्हल. म्हणून व्हेनिस आणि कोलोनचे मुखवटे एखाद्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बाहेर पडतात, तर एखाद्या वर्षी पार मार्चमध्ये. त्यात बाझलवाल्यांचं आणखी वेगळं. राखेच्या बुधवारी बाकीच्यांचा उपासाचा काळ सुरू झाला, की त्यानंतरच्या सोमवारी हे सुरुवात करतात. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टचं नाव ऑक्टोबरचं आणि मुक्काम बहुतेक सप्टेंबरात. संकष्टीला चंद्रोदय बघून जेवायची सवय असलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आधी पंचांग, मग तिकीट. आमच्याआधी हे पंचांग हॉटेलवाल्यांनी पाठ केलेलं असतं, हा भाग वेगळा. उत्सवाच्या आठवड्यात साध्या खोलीचा जो भाव लागतो, तो वाचून नवरा चष्मा पुसतो आणि पुन्हा वाचतो. त्यावर आमचा उपाय म्हणजे शेजारच्या गावात झोपणं. म्युनिकसाठी आउग्सबुर्ग, कोलोनसाठी बॉन. आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, आणि डोंबिवलीकराला अर्धा-पाऊण तास म्हणजे प्रवासच नव्हे.

२. उत्सव म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. सिएनाचा पालिओ २ जुलैला आणि १६ ऑगस्टला असतो. शहराचे सतरा मोहल्ले, त्यांना कोंत्रादा म्हणतात. त्यांपैकी दहांचे घोडे एका वेळी धावतात. पियाझ्झा देल काम्पो हा शिंपल्यासारखा उतरता चौक. त्याच्या कडेने पिवळी माती अंथरून धावपट्टी करतात, अवघड वळणावर गाद्या उभ्या करतात आणि बिनखोगिराच्या घोड्यांवरून तीन फेऱ्या. सगळा मामला दीड मिनिटाच्या आत संपतो. कडेच्या बाकांना आणि गॅलऱ्यांना सोन्याचा भाव, पण चौकाच्या मधोमध उभं राहायला पैसे पडत नाहीत. फुकट म्हटल्यावर आमची पावलं कुठे वळली असतील ते सांगायला नको. मात्र आत शिरलेल्याला शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. सावली नाही, स्वच्छतागृह नाही, ऊन मात्र मुबलक.

दुपारपासून उभे होतो. आधी ऐतिहासिक पोशाखातली मिरवणूक, तीही आरामात. मग घोडे आले, तर सुरुवातच होईना. नऊ घोडे चिठ्ठीत निघालेल्या क्रमाने दोन दोरांच्या मध्ये उभे राहतात आणि दहावा मागून, त्याच्या मर्जीने, धावत येतो. तो शिरला की शर्यत सुटते. तोवर स्वारांची आपसात कुजबुज चाललेली, म्हणजे उघडउघड सौदे. कोण कोणाला अडवणार, कितीला. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि चालतंही. माझ्या शेजारी एक आजोबा होते, गळ्यात त्यांच्या मोहल्ल्याच्या रंगांचा रेशमी रुमाल. त्या रुमालाचं टोक ते बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. घोड्यांकडे बघतच नव्हते, नजर खाली विटांवर. शर्यत सुटली तेव्हा सगळा चौक गोल फिरल्यासारखा झाला आणि मला दिसली ती फक्त माणसांची पाठमोरी डोकी, त्यांच्या वरून सरकणारी दोन-चार शिरस्त्राणं. घोडा एकही नाही. आजोबांचा मोहल्ला हरला हे त्यांच्या रुमालावरून कळलं. तो गळ्यातून काढून त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला.

बक्षीस काय, तर रंगवलेला एक रेशमी झेंडा. पैसा एक नाही. स्वार पडला आणि घोडा एकटाच पुढे आला तरी तो जिंकलेला धरतात, आणि तिथे खरा पराभव दुसऱ्या क्रमांकाचा मानतात. जिंकलेले लोक रडत-ओरडत चर्चमध्ये आभार मानायला धावले. शरद ऋतूत विजयाचं जेवण असतं आणि त्यात मानाच्या जागी घोडा. घोडे जखमी होतात, कधी दगावतात, त्यावरून इटलीत भांडणंही होतात. मलाही तो भाग पचलेला नाही. पण शर्यतीच्या आदल्या रात्री मोहल्ल्याच्या गल्लीत लांबच लांब टेबलं मांडून जेवण असतं, त्याची तिकिटं बऱ्याच ठिकाणी परक्यांनाही मिळतात. त्या जेवणात मी जास्त पालिओ पाहिला. सिएनाला जाणाऱ्याने उंची कमी असेल तर शर्यतीपेक्षा आधी हे तिकीट बघावं.

३. काही उत्सवांना प्रेक्षकांची गरजच नसते. बाझलचा फास्नाख्त सोमवारी पहाटे चारला सुरू होतो. लेकीने मध्यरात्रीनंतर उठवलं, थर्मॉसमध्ये चहा भरला आणि आम्ही थंडीत कुडकुडत, झोपेत असल्यासारखे गाडीत बसलो. फ्रायबुर्गहून बाझल जवळ, आणि त्या रात्री जादा गाड्या असतात. जुन्या गावाच्या गल्ल्या माणसांनी भरलेल्या, पण आवाज नाही. चारचे ठोके पडायला आणि गावातले सगळे दिवे एकदम जायला एकच गाठ. आपल्याकडे दिवे गेले की ‘गेलेऽऽ’ असा सामुदायिक पुकारा होतो. इथे श्वास धरल्यासारखी शांतता, आणि मग कुठून तरी हुकूम, आणि चहूबाजूंनी एकाच वेळी ढोल आणि पिकोलो, म्हणजे ती छोटी चिरक्या आवाजाची बासरी. अंधारात पुरुष-दोन पुरुष उंचीचे रंगवलेले कंदील हलत येतात. त्यांच्यावर त्या वर्षीच्या राजकारणाची, बँकांची, नगरपालिकेची यथेच्छ टिंगल. वाजवणाऱ्यांच्या डोक्यावरही छोटे कंदील.

ते कुणाकडे बघत नाहीत. मुखवट्याआडून सरळ समोर बघत, अगदी संथ पावलं टाकत गल्लीबोळांतून जात राहतात. टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत, ‘हात वर करा’ नाही. प्रेक्षकांनी वेश करून यायचं नसतं, हेही लेकीने बजावलं होतं, “आई, टिकली चालेल, मुखवटा नको.” आम्ही एका पथकाच्या मागे चालायला लागलो. कुणी बोलावलं नाही, कुणी हटकलंही नाही. अर्धा तास तसेच त्या तालावर चालत राहिलो आणि नवऱ्याचा गुडघा एकदाही बोलला नाही.

दुपारच्या मिरवणुकीत मात्र हेच लोक वेगळे होतात. भल्यामोठ्या नाकाची ‘वाग्गिस’ नावाची सोंगं गाड्यांवरून संत्री आणि पिवळी मिमोसाची फुलं फेकतात. छातीवर उत्सवाचा बिल्ला नसेल तर कॉलरमधून आत कागदाच्या टिकल्या कोंबतात. बिल्ले तांब्याचे, चांदीचे, सोन्याचे, त्यातून पथकांचा खर्च निघतो. नवऱ्याने तांब्याचा घेतला, तो छातीवर दिमाखात लावला आणि तरीही त्याच्या बनियनपर्यंत टिकल्या पोचल्या. त्या टिकल्यांची पिशवी एका रंगाचीच हवी. मिश्र रंगाच्या असतील तर त्या रस्त्यावरून गोळा केलेल्या, म्हणजे गलिच्छपणा. बेशिस्तीची इतकी शिस्त स्विस लोकांनाच जमू जाणे. बरोबर बहात्तर तासांनी, गुरुवारी पहाटे चारला, सगळं थांबतं.

४. बिअर न पिणाऱ्या बाईलाही ऑक्टोबरफेस्ट आवडू शकतो. ही माझी स्वतःचीच कबुली ऐकून मीच दचकले. मैदानात शिरायला तिकीट नाही. म्युनिकच्या सहा मद्यशाळांची बिअर तेवढी तिथे चालते, तीही लिटरच्या पेल्यांतून, आणि तंबूत बसायला जागा नसेल तर कुणी पेला देत नाही. शनिवारी संध्याकाळी तिथे जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आम्ही गेलो मंगळवारी दुपारी, जेव्हा कुटुंबांसाठी पाळणे स्वस्त असतात. १८१० साली बव्हेरियाच्या राजपुत्राच्या लग्नानिमित्त घोड्यांची शर्यत झाली, तिचा हा विस्तार. मैदानाला नाव वधूचं, तेरेसाचं. हे ऐकल्यावर लग्नाच्या पाहुण्यांसारखं वावरायला बरं वाटलं.

तिथे ‘टॉयफेल्सराड’ म्हणजे सैतानाचं चाक आहे, १९१० पासूनचं. एक गुळगुळीत लाकडी तबकडी, तिच्यावर वीस-पंचवीस जण फतकल मारून बसतात, ती फिरायला लागते आणि एकेक जण घसरून कडेला फेकला जातो. निवेदक बव्हेरियन बोलीत प्रत्येकाची अब्रू काढत असतो. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि हसून पोट दुखलं. कोट घातलेले एक गृहस्थ शेवटपर्यंत मध्यभागी चिकटून होते. त्यांना पाडायला वरून दोराला बांधलेला मोठा चेंडू सोडला. एका तिकिटात कितीही वेळ बघत बसा. साखरेत परतलेले बदाम खात आम्ही बसलो. जर्मन माणूस गंभीर असतो, ही अफवा कुणी पसरवली कोण जाणे.

५. वर्षभर वर्गणी देणाऱ्याचा उत्सव वेगळा आणि तीन दिवसांनी विमान पकडणाऱ्याचा वेगळा. वॅलेन्सियात हे मला फार जवळून दिसलं, कारण तिथलं सगळंच ओळखीचं निघालं. ‘फायास’साठी गल्लीगल्लीत मंडळं. मंडळाला खोली. वर्षभर वर्गणी, लॉटरीची तिकिटं, जेवणावळी, बँड ठरवणं, शेजारच्या चौकाशी चुरस. मार्चच्या मध्यावर प्रत्येक चौकात लाकूड, पुठ्ठा आणि फोमचे पुतळ्यांचे डोंगर उभे राहतात, काही चार-पाच मजल्यांच्या उंचीचे. पुढारी, खेळाडू, बँकवाले, कुणालाच सोडत नाहीत. कलाकारांचं वर्ष त्यात जातं, मोठ्या मंडळांचे लाखो युरो जातात. आणि १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी, रात्री सगळं जाळून टाकतात. लोकांच्या मतांनी एखाद-दुसरा बाहुला वाचवतात, ही रीत १९३४ पासूनची, आणि तो संग्रहालयात जातो. बाकी सगळं राख.

मंडळातल्या मुली-बायका १७ आणि १८ मार्चला देवीला फुलं वाहायला निघतात, फुलांच्या नक्षीचं जड रेशीम नेसून, केसांत सोनेरी फण्या खोवून. कॅथेड्रलमागच्या चौकात मारीया देवीची लाकडी चौकटीची उंच मूर्ती असते आणि तिचा झगा या फुलांच्या गुच्छांनी भरत जातो. वर चढलेली मुलं गुच्छ झेलतात आणि खोचतात. आम्ही कडेला उभे. कॅथेड्रलच्या कोपऱ्यावर वळलं की बायकांना ओक्साबोक्शी रडू फुटतं. मला सुरुवातीला कळेना की एवढं काय झालं. मग लालबागच्या रांगेतून बाहेर पडणाऱ्या माझ्या मावशीचा चेहरा आठवला आणि मी पुढे काही विचारलं नाही.

रोज दुपारी दोनला मास्क्लेता. भर उन्हात फटाके, म्हणजे बघायचं असं काही नाहीच, ऐकायचं. १ मार्चपासून रोज. नगरपालिकेच्या सज्जातून त्या वर्षीची मुख्य फायेरा, म्हणजे उत्सवाची मानाची प्रमुख, दारूकामवाल्याला सुरू करायची परवानगी देते आणि पुढची काही मिनिटं जमीन, बरगड्या, दात, सगळं एका लयीत थरथरतं. तोंड उघडं ठेव, कानाला त्रास कमी होतो, असं शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं. हजारो माणसं तोंड उघडून उभी. संपल्यावर धुरात टाळ्या, आणि मग जाणकारांची चर्चा: मधला भाग ढिला होता, शेवट चांगला बांधला. दिवाळीत लवंगी लावली तरी कपाळाला आठ्या घालणारी मी, दुसऱ्या दिवशी दीड वाजताच जागा धरायला उभी.

जाळायची रात्र मुलांच्या छोट्या पुतळ्यांपासून सुरू होते. आमच्या गल्लीच्या मंडळाची बालप्रमुख नऊ-दहा वर्षांची असेल. तिच्याच हाताने वात पेटवून घेतली. आधी ती हसत होती, मग एक बाहुला आतल्या बाजूला कोसळला आणि तिचा चेहरा मोडला. आई शेजारीच होती. तिने ‘रडू नको’ म्हटलं नाही, जवळ घेतलं नाही. फक्त तिच्या केसातली सुटलेली फणी काढून पुन्हा नीट खोवली. मोठे पुतळे पेटवण्याआधी अग्निशमनवाले आजूबाजूच्या इमारती पाण्याने भिजवतात, आणि गर्दी त्यांना चिडवून-चिडवून पाणी आपल्या अंगावर मारायला लावते. ते मारतातही. नवरा भिजला.

फोमच्या काळ्या धुरावरून तिथेही वाद आहेत, आपल्याकडच्या प्लास्टर ऑफ पॅरिससारखेच, आणि धूर नाकात गेल्यावर मी वाद घालणाऱ्यांच्या बाजूची झाले. २० तारखेला सकाळी उठून पाहिलं तर रस्ते धुतलेले, चौकात डांबरावर एक काळा डाग, आणि मंडळाच्या खोलीत दोघं जण वहीत हिशेब करत बसलेले. मी खिडकीतून ओळखीचं हसले. तेही हसले, पण त्यांना घाई होती.

६. सणाच्या गर्दीत शाकाहारी माणसाने नावावर विश्वास ठेवू नये. स्पेनमध्ये ‘सँडविच वेहेताल’ मागितलं तर कोशिंबिरीच्या पानांआड ट्यूना मासा आणि अंडं निघतं. बाझलला पहाटेच्या थंडीत सगळे भाजलेल्या पिठाचं दाट सूप पितात. वास असा की पाय आपोआप वळतात, पण रस्सा पुष्कळदा गोमांसाचा, तेव्हा विचारूनच चमचा उचलावा. कांद्याचा किंवा चीजचा वेहे, म्हणजे तिथला उघडा टार्ट, तो बरा, पण कांद्याच्यात डुकराचे तुकडे असू शकतात. जर्मनीत किसलेल्या बटाट्याचे तळलेले पोळे सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर देतात, त्यांनी आम्हाला अनेकदा तारलं. आणि वॅलेन्सियातले लाल भोपळ्याचे बुन्युएलो तर आपल्या घारग्यांची सख्खी मावसबहीण. रस्त्याकडेला कढया, बायका पीठ हातात घेऊन अंगठ्याने भोक पाडून तेलात सोडतात, वर साखर, सोबत गरम चॉकलेट. मी तिसरी प्लेट मागितली तेव्हा बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक जादा टाकला. चिवड्याची पिशवी त्या दिवशी उघडली नाही. एरवी ती असतेच. हसणाऱ्यांनी हसावं, रात्री नऊच्या आधी स्पेनमध्ये जेवण मागून बघावं आणि मग हसावं.

७. पायातले बूट हे सर्वांत महत्त्वाचं कागदपत्र. पासपोर्टखालोखाल. दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं दम तोडतात, म्हणून स्टेशनवरच्या लॉकरमध्ये बॅग टाकावी. सुटी नाणी जवळ असावीत, स्वच्छतागृहाला लागतात. पाकीट पुढच्या खिशात. लोकलने शिकवलेलं बाकी सगळं तिथेही लागू आहे.

८. खरा सण बाजारात नसतो, तो दार लावून घरात असतो. ‘ख्रिसमसला युरोप’ अशी जाहिरात पाहिली की आता मला वाचणाऱ्याची काळजी वाटते. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासून भरतो, न्यूरेंबर्गचा बाजार फार देखणा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छतांच्या टपऱ्या, सुक्या आलुबुखारांची माणसं, कपासाठी अनामत घेऊन दिलेली गरम मसाल्याची वाइन, मुलांसाठी बिनदारूची. (आम्ही त्या मुलांत.) पण हा सगळा थाट नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा. न्यूरेंबर्गचा बाजार २४ डिसेंबरला दुपारी दोनला बंद होतो. त्यानंतर दुकानं बंद, २५ बंद, २६ बंद. लंडनमध्ये तर २५ला बस, भुयारी रेल्वे, आगगाडी काहीच धावत नाही. इटलीत हीच कथा १५ ऑगस्टला. आपण झेंडावंदनाच्या आठवणीत असतो आणि रोमच्या दुकानांवर हाताने लिहिलेल्या सुट्टीच्या चिठ्ठ्या लटकत असतात.

त्या २४ तारखेच्या दुपारी फ्रायबुर्गचे रस्ते इतके रिकामे होते की मला कर्फ्यू आठवला. चारच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई ताटलीभर घरची बिस्किटं घेऊन उभ्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, घरी नातवंडं यायची होती. ताटली रिकामी परत करायची नाही हा आमच्याकडचा दंडक, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यातून चिवडा गेला. कढीपत्ता काढून ठेवायचा असतो, हे सांगायला लेक खाली धावली.

९. एकच संत दोन देशांत किती वेगळा वागतो, ते पाहायला पोर्तोला जावं. २३ जूनच्या रात्री तिथे सांव जुआंवचा, म्हणजे संत जॉनचा उत्सव. लहानथोर सगळ्यांच्या हातात प्लास्टिकचे हातोडे, आणि समोर येईल त्याच्या डोक्यात ठोकायचा. चिऊंऽ असा आवाज होतो. हे हातोडे १९६० च्या दशकातले. त्याआधीची रीत लसणाच्या लांब दांड्याच्या फुलाने डोक्याला स्पर्श करायची, आणि जुने लोक अजून ती फुलं घेऊन फिरतात. गल्लीत सार्डिनचा धूर, खिडक्यांत तुळशीच्या जातीच्या रोपांच्या कुंड्या आणि त्यात खोचलेली कागदावरची चारोळी. त्या रोपाला नाक लावायचं नसतं. तळवा फिरवून तळव्याचा वास घ्यायचा.

हाच संत २४ जूनला गोव्यात, ‘सांजाव’ या नावाने. पण तिथे पाऊस कोसळत असतो, डोक्यावर फुलांचे-वेलींचे कोपेल, आणि तरुण पोरं विहिरींत, ओढ्यांत उड्या मारतात. नव्या जावयाचा मान मोठा. शिवोलीला सजवलेल्या होड्या. शिवोलीतला सांजाव आम्ही पाहिलेला होता, म्हणून पोर्तोत दोउरो नदीच्या काठी बसलेल्या एका जोडप्याला नवऱ्याने हातवारे करून विहिरीत उडी मारण्याचा अभिनय करून दाखवला. त्यांना काय कळलं कोण जाणे. बाईंनी उठून शांतपणे त्याच्या डोक्यात हातोडा हाणला. बहुधा कळलं असावं. त्या रात्री ऐंशीच्या घरातल्या बायकांनी मला जेवढे टोले दिले तेवढे तरुणांनी दिले नाहीत, आणि मीही हिशेब बाकी ठेवला नाही.

१०. सुट्टी नसलेला सणही असतो, आणि तो मला सगळ्यांत आवडला. २३ एप्रिलला बार्सिलोनात सांत जोर्दी. त्या दिवशी कचेऱ्या चालू, शाळा चालू, आणि सगळं शहर गुलाब आणि पुस्तकं विकत घेतं. १९९५ साली युनेस्कोने पुस्तक दिन ठरवला तो याच तारखेला. पूर्वी पुरुषाने बाईला गुलाब आणि बाईने पुरुषाला पुस्तक द्यायची पद्धत होती. आता कुणीही कुणालाही काहीही देतं. पास्सेच दे ग्रासिया आणि रांब्ला दे कातालुन्या या रस्त्यांवर पुस्तकांची टेबलंच टेबलं. लेखक सह्या करत बसलेले, त्यांच्यापुढे रांगा. शाळकरी पोरं सहलीच्या खर्चासाठी बादलीत गुलाब घेऊन उभी. माझ्या गुलाबाला गव्हाची एक ओंबी आणि लाल-पिवळी फीत बांधलेली होती. विकणारा मुलगा अकरा-बारा वर्षांचा, फीत सुटत होती म्हणून दातांनी गाठ मारून दिली.

इथे उंचीचा प्रश्न नव्हता, जागा धरायची नव्हती, कुणाच्या वर्गणीवर फुकट उभं राहिल्याची चुटपुट नव्हती. पुस्तक घेतलं की आपण उत्सवात. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेली माणसं टेबलावर वाकून पानं चाळत होती आणि एका हातात गुलाब सांभाळत पैसे मोजत होती. मी कातालान भाषेतलं, चित्रं जास्त असलेलं मुलांचं पुस्तक घेतलं. नवऱ्याने स्वयंपाकाचं घेतलं, त्याला भाषाही येत नाही आणि स्वयंपाकही.

एकच उत्सव पाहायला जमणार असेल, तर तो हा पाहा. हॉटेल पायी पोचता येईल असं घ्या, त्या दिवशी संग्रहालयाचं तिकीट काढू नका, आणि परतीच्या बॅगेत चार किलो शिल्लक ठेवा.